गोळी घेतली म्हणून बोळा काढू नका

कंटेनर यार्डात पंधरा-वीस वर्षे काढलेला माणूस घरी टीव्हीचा आवाज वाढवायला लागतो. मुलीने काही विचारले की ‘काय?’ म्हणतो, मग पुन्हा ‘काय?’ म्हणतो. चारचौघांत बसला की आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. रात्री पाठ टेकली की कानात बारीक ‘सूं’ चालू होते. मग कोणीतरी सांगतो, ‘कानाच्या नसांसाठी काहीतरी आयुर्वेदिक घे, साइड इफेक्ट नाही.’ मेडिकलमध्ये विचारले तर गिंकोची गोळी मिळते, हळद-मिरीची कॅप्सूल मिळते. मोबाइलवर तर महिन्याभरात कान खणखणीत करणारी बाटलीही मिळते.

पनवेलहून जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, रस्त्याला लागले की उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीपर्यंत दोन्ही बाजूंना ट्रेलर, कंटेनरच्या चळती आणि सीएफएसची (कंटेनर फ्रेट स्टेशनची) फाटके दिसतात. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यामागोमाग इथले बरेचसे शेतकरी-कोळी कुटुंबांतले तरुण शेत आणि होडी सोडून या आवाजात कामाला आले. आता त्यांची मुलेही तिथेच आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटने आवाजापासून कान वाचतो का, वाचत असेल तर किती, आणि पैसे कुठे खर्च करावेत, एवढेच पाहू.

आवाजाने कानात होते काय

कानाच्या आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, केसपेशी असतात. एका कानात बाहेरच्या रांगांतल्या सुमारे १२,००० आणि आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मोठा आवाज या पेशींना दोन प्रकारे मारतो. स्फोटासारखा दणका बसला तर त्या तिथल्या तिथे मोडतात. रोजच्या गोंगाटात मात्र वेगळे घडते. पेशींना सतत जास्त काम करावे लागते, त्यांच्यातली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा थकते आणि तिथून ऑक्सिजनचे अस्थिर रेणू बाहेर पडू लागतात. त्यांनाच मुक्त कण किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. ते पेशीचे आवरण जाळतात, कानाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी आतून मरायला लागते. प्राण्यांवरच्या अभ्यासात असे दिसले आहे की आवाज थांबल्यावरही ही जळजळ सात ते दहा दिवस चालू राहते. म्हणूनच संशोधकांना वाटले की मुक्त कणांना गप्प करणारा पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, वेळेवर दिला, तर पेशी वाचतील. कल्पना पूर्णपणे शास्त्रीय आहे, भोंदूगिरीची नाही.

२००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली. दोन तासांच्या आवाजानंतर उंदरांचे ऐकणे काही दिवसांत चाचणीत जवळपास पूर्ववत झाले, पण केसपेशी आणि नस यांना जोडणारे दुवे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले होते. म्हणजे ‘दोन दिवस कान बंद होते, आता मोकळे झाले’ याचा अर्थ काही बिघडले नाही, असा घेता येत नाही. शांततेत ऐकू येते पण गर्दीत शब्द कळत नाहीत, या तक्रारीचे एक कारण हेही असू शकते.

प्रयोगशाळेत जमले, माणसांत अडले

हळदीतले करक्युमिन, भाताच्या कोंड्यातले फेरुलिक आम्ल, तुळस आणि रोझमेरीतले रोझमरिनिक आम्ल, द्राक्षाच्या सालीतले रेसव्हेराट्रॉल, ग्रीन टीतले घटक, जिनसेंग, गिंको यांपैकी बहुतेकांची परीक्षा गिनिपिग किंवा उंदरांवर झाली आहे. आवाजाआधी हे पदार्थ दिले तर केसपेशी कमी मरतात, असे अनेक प्रयोगांत दिसले. पण तिथे शुद्ध रसायन, वजनाच्या मानाने भरपूर मात्रेत, बरेचदा इंजेक्शनने आणि आवाजाच्या आधी नेमक्या वेळेला दिलेले असते. दुकानातली कॅप्सूल म्हणजे ते नव्हे.

माणसांवरचे मोजके चांगले प्रयोग काय सांगतात ते पाहा. अमेरिकी मरीन दलाच्या पाचशेहून अधिक नव्या सैनिकांना गोळीबाराच्या प्रशिक्षणादरम्यान एन-ॲसिटिलसिस्टीन हे ओळखीचे अँटिऑक्सिडंट दिले गेले. २०१५ मध्ये निकाल छापून आला. मुख्य मोजमापात, औषध घेतलेले आणि नुसती साखरगोळी घेतलेले यांच्यात ठाम फरक दिसला नाही. गिंकोची परीक्षा कानातल्या आवाजासाठी ब्रिटनमध्ये अकराशेहून अधिक लोकांवर झाली. २००१ मध्ये निष्कर्ष आला की तो साखरगोळीपेक्षा सरस नाही.

आशेच्या बाजूचे दोन दाखले आहेत. इस्रायलच्या ३०० तरुण सैनिकांना दोन महिने रोज १६७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिले गेले आणि त्यांच्यात कायमचे श्रवणनुकसान कमी दिसले. ही १९९४ ची गोष्ट. त्यातली महत्त्वाची ओळ अशी की या सर्वांच्या कानांत आवाज अडवणारे बोळे होते. दुसरा दाखला एबसेलेन या प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधाचा. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ८३ तरुणांवरचा प्रयोग छापला गेला. एका विशिष्ट मात्रेत तात्पुरते कमी होणारे ऐकणे बऱ्यापैकी रोखले गेले. पण तो तरुणांना थोडा वेळ मोठे संगीत ऐकवून केलेला प्रयोग होता, वीस वर्षांच्या यार्डाचा नव्हे.

कानासाठी या जातीचे एक औषध अमेरिकेत मान्यही झाले आहे. सोडियम थायोसल्फेटचे ते इंजेक्शन कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनमुळे मुलांचे ऐकणे जाऊ नये म्हणून २०२२ पासून वापरता येते. आवाजाने होणाऱ्या बहिरेपणासाठी मात्र तिथे अजून एकही गोळी मंजूर नाही. वनस्पतीजन्य नाही आणि रासायनिकही नाही.

ताटातून जेवढे मिळते तेवढे घ्या

म्हणून हळद, आवळा, कोकम, तुळस टाकून द्यायची का? मुळीच नाही. त्यांची जागा स्वयंपाकघरात आहे आणि तिथे त्या उत्तम आहेत. मॅग्नेशियम नाचणी, बाजरी, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया आणि हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. नाचणीची भाकरी, आवळा किंवा लिंबू, हिरवी भाजी, उरणच्या बाजारातली ताजी मासळी असे जेवण रोज असले, तर कानाच्या रक्तवाहिन्यांनाही त्याचा उपयोग होतो. कारण मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, आणि हे दोन्ही रोग ऐकण्यावर परिणाम करतात.

फक्त हिशेब कळू द्या. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के असते, म्हणजे चहाच्या एका चमचाभर हळदीत नव्वदेक मिलिग्रॅम. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी माणसांना एकदम दोन ग्रॅम करक्युमिन दिले, तरी रक्तात ते जवळजवळ सापडलेच नाही. त्यासोबत मिरीतले पिपरिन वीस मिलिग्रॅम दिले तेव्हा शोषण वीसपट वाढले. कॅप्सूलवाले मिरी घालतात ती यामुळेच. पण ते रक्तातून आतल्या कानापर्यंत किती पोचते, हा प्रश्न उरतोच. शिवाय पिपरिन करक्युमिनचे शोषण वाढवते तसे इतर काही औषधांचेही वाढवते. फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

बाटली घ्यायचीच असेल तर

आधी जाहिरात पाहा. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्याच्या यादीत बहिरेपणाचे नाव आहे. औषधाने बहिरेपणा बरा होतो अशी लोकांसमोर जाहिरात करणे गुन्हा आहे. ‘बहिरेपणावर रामबाण’ लिहिलेले दिसले की बाकीचे वाचायची गरज नाही.

मग लेबल पाहा. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असेल तर ते पूरक अन्न आहे, औषध नव्हे. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर उत्पादनाचा आयुष परवाना क्रमांक, घटकांची मात्रा, बॅच आणि मुदत हवी. भस्मे असलेली औषधे नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे तर स्वतःच ऐकण्याला घातक आहे. कान वाचवायला घेतलेल्या पुडीतून तेच पोटात जायला नको.

तिसरे, ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ हे वाक्य मनातून काढा. रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असताना गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज नकोत. हळदीच्या आणि अश्वगंधेच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद बाजूला ठेवा, पण कोणतीही गोळी चालू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर ती बंद करून डॉक्टरकडे जा.

आणि कानात लसणाचे गरम तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरते. कर्णपूरणाचा, म्हणजे कानात तेल भरण्याचा, उपचार करायचाच असेल, तर आधी कानात दुर्बीण घालून पडदा शाबूत असल्याची खात्री करून घ्या. तेलाने त्वचा मऊ होईल, आतली मेलेली केसपेशी जिवंत होणार नाही.

खरे संरक्षण स्वस्तातले

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे समजा. मीटर लागत नाही. कंटेनर दुरुस्तीच्या शेडमधला ग्राइंडर साधारण ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत जातो. पत्र्यावर घणाचा ठोका क्षणभर त्याच्याही वर. आपल्याकडच्या कारखाने नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायॉश अधिक सावध आहे. तिच्या मते ८५ ला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. म्हणजे ग्राइंडरवाल्याचा दिवसभराचा कोटा पहिल्या चहाच्या आधीच संपतो.

स्पंजचा बोळा बहुतेक लोक चुकीचा घालतात. पद्धत अशी:

१. हात धुवा. ग्रीस लागलेल्या बोटांनी बोळा वळू नका.
२. बोळा बोटांत फिरवत अगदी बारीक वळा. त्यावर चुणी राहू देऊ नका.
३. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते.
४. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटाने धरून ठेवा.
५. आरशात समोरून पाहा. बोळ्याचे टोक बाहेर डोकावत असेल तर तो नीट बसलेला नाही. स्वतःचा आवाज आता घुमल्यासारखा वाटायला हवा.

पाकिटावर एनआरआर (आवाज किती डेसिबलने घटतो तो आकडा) २९ लिहिले असले तरी प्रत्यक्षात तेवढे मिळत नाही. सात वजा करून निम्मे धरा, म्हणजे ११ डेसिबल. ग्राइंडिंग किंवा घणाच्या कामाला बोळ्यावर इअरमफही लावा. आणि सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे मधेच काढणे. तीस डेसिबल अडवणारा बोळा आठ तासांतून फक्त अर्धा तास काढला, तरी दिवसाचा हिशेब बारा डेसिबलवर घसरतो. मोबाइलवर बोलायचे असेल तर आधी शेडच्या बाहेर जा, मग काढा. ट्रेलर मागे येताना वाजणारा भोंगा ऐकू येत नाही म्हणून बोळे नको म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी कमी डेसिबल अडवणारे बोळे मागावेत. मशीनच्या काचबंद केबिनमध्ये बसणाऱ्याने काच लावून ठेवली तरी बराच फरक पडतो.

शक्य तिथे आवाजच कमी करा. जनरेटरला आच्छादन, ग्राइंडिंगला वेगळा कोपरा, दोन तासांनी माणसांची अदलाबदल. हे मुकादमाच्या हातात असते, आणि बोळ्यांच्या पाकिटांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रंग, धूर आणि काही औषधे

आवाजाचे नुकसानीचे काम सोपे करून देणारे साथीदारही यार्डात असतात. डेंटिंग-पेंटिंगच्या थिनरमधले टोल्युइन आणि झायलीन, बंद जागेतल्या इंजिनांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, जुन्या रंगातले शिसे. हे सारे ऐकण्याला घातक आहेत आणि आवाजाबरोबर आले की नुकसान वाढते. रंगकाम करणाऱ्याला तोंडावर फडके बांधून भागत नाही, सॉल्व्हंटसाठीचा कार्ट्रिज मास्क लागतो. सिगारेट-बिडीही कानाचा रक्तपुरवठा कमी करते. मुक्त कणांविरुद्ध काही करायचेच असेल, तर हळदीच्या कॅप्सूलआधी बिडी सोडणे जास्त गुणकारी.

जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शने आणि सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांनी आपण आवाजात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषध स्वतःहून मात्र थांबवू नये.

हळदीची रात्र

आगरी-कोळी घरची हळद म्हणजे आधी बेंजो, मग डीजे, आणि नाच पहाटेपर्यंत. दिवसभर यार्डात थकलेला कान रात्री पुन्हा १०० डेसिबलच्या समोर उभा राहतो, विसावा मिळतच नाही. स्पीकरपासून दूर उभे राहा, तासातून दहा मिनिटे मंडपाबाहेर या, खिशात बोळ्यांची जोडी ठेवा. तान्ही मुले आणि छोटी नातवंडे स्पीकरच्या रांगेजवळ बसवू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. सरकार वर्षातल्या ठरावीक सणांना मध्यरात्रीपर्यंत सूट देते, लग्नाला नाही.

तपासणी आणि हक्क

आवाजाने जाणारे ऐकणे आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खचते. बोलणे बरेचसे त्याखालच्या पट्ट्यात असते, म्हणून माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. ऑडिओमेट्रीच्या आलेखावर मात्र तो खड्डा स्पष्ट दिसतो. चाचणी ड्यूटी संपल्यावर लगेच करू नका. आधी किमान चौदा तास शांततेत जाऊ द्या, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. उरणच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी घ्या. सखोल तपासणी आणि श्रवणयंत्रासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून काम करते.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. नुकसानभरपाईच्या तरतुदींतही त्याला जागा आहे. म्हणून कामाला लागतानाची पहिली ऑडिओमेट्री आणि त्यानंतरची दरवर्षीची, यांच्या प्रती मागून घरी फायलीत ठेवा. कंत्राटदार बदलला तरी कागद तुमच्याकडे राहतो, आणि नुकसान केव्हा झाले हे त्या कागदावरूनच सिद्ध होते.

शेवटी, ताबडतोब धावण्याची वेळ कोणती ते लक्षात ठेवा. टायर फुटला, फटाका कानाजवळ वाजला, किंवा काहीही कारण नसताना एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत आठवडा घालवू नका. दोन-तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरकडे पोचा. अचानक गेलेले ऐकणे स्टेरॉइडच्या औषधाने परत येण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असते. पुढच्या दिवसांत कानाला पूर्ण विसावा द्या आणि यार्डात परतताना बोळे घालून परता. हळदीचे दूध प्यायला हरकत नाही, पण ते डॉक्टरकडे जाऊन आल्यावर.